उसन्या डोळ्यांचा कॅटलॉग

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दीड आपल्या स्टुडिओत स्टुलावर बसले होते आणि कॉम्प्युटर त्यांना माणसं मोजून दाखवत होता.

स्टुडिओ अकरा फूट बाय नऊ फूट. मागच्या भिंतीला निळा पडदा, खालची कड हजारो बुटांनी मळलेली. आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. खुंटीवर पासपोर्ट फोटोंसाठीचा काळा कोट, त्याला पुढून कॉलर आणि टाय शिवूनच टाकलेले. गावातल्या बहुतेक प्रतिष्ठितांनी तो एकदा तरी चार मिनिटं घातला आहे. टेबलावर बुटांचं खोकं आणि खोक्यात सात हार्ड डिस्क. त्यांच्यावर चिकटवलेल्या कागदांवर दीड यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "जुनी", "नवी", "नवी नवी", "शेवटची", "शेवटचीनंतरची", "पुरे" आणि "ही खरी".

फोटो काढताना ते "एक, दोन" म्हणतात आणि दोन पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत बटण दाबतात. तीनची वाट पाहणारा माणूस पुतळा होतो, दीडला पकडलेला माणूस जिवंत असतो, असं त्यांचं मत आहे. त्यावरून नाव पडलं. पाटीवर दुसरं नाव आहे, ते फक्त पोस्टमनला ठाऊक. मुलं दीडकाका म्हणतात, दुकानदार दीडशेठ. पुढे "शहाणे" जोडायचं की नाही, हे ज्याचा त्याचा फोटो कसा आला त्यावर ठरतं.

त्यांचं दुसरं तत्त्व असं, की एका वर्गाचा एकच फोटो काढायचा. "दुसरा फोटो म्हणजे पहिल्याबद्दलची माफी," असं ते म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी फारशी माफी मागितलेली नाही.

गावातल्या शाळेच्या वर्गांचे फोटो दीड बावीस वर्षं काढतायत, त्यातली एकोणीस डिजिटल कॅमेऱ्यावर. अठ्ठावीस वर्ग आणि एक शिक्षकांचा फोटो, दरवर्षी. लग्नं आता लोक मोबाईलवर उरकतात आणि पासपोर्टचे फोटो तिकडच्या कचेरीतच निघतात. राहिली ती शाळा. दीड यांना गावात दीड म्हणून ओळखतात ते शाळेमुळे. अर्धं गाव त्यांच्यासमोर बाकावर उभं राहून गेलेलं आहे.

ती शाळा हातची जायच्या बेतात होती. जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका आल्या. नव्या म्हणजे पदावर नव्या. शाळेत त्या चौदा वर्षं गणित शिकवत होत्या. ऑगस्टमध्ये एका माजी विद्यार्थ्याने आपल्या सातवीच्या वर्गाचा फोटो मागितला आणि दीड यांना तो शोधायला एकोणीस दिवस लागले. मागच्या बुधवारी शाळेचं पत्र आलं. कोणत्याही माजी विद्यार्थ्याचं नाव सांगितल्यावर त्याच्या वर्गाचा फोटो एका मिनिटात समोर यावा, अशी व्यवस्था आपल्याकडे असल्यास येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात दाखवावी. नसल्यास यंदापासून हे काम बाहेरच्या एका कंपनीकडे देण्याचा विचार आहे. कंपनीने बारा रंगीत पानांचा प्रस्ताव पाठवला होता. शुक्रवारी वर्गांचे फोटो ठरलेलेच होते. ते कोण काढणार, एवढंच ठरायचं होतं.

दीड यांच्याकडे व्यवस्था होती. त्यांच्या संग्रहातले दोन लाख चौदा हजार फोटो फोल्डरांत नीट लावलेले होते. फोल्डरांची नावं अशी: "कुत्रा मधे आला ते वर्ष", "बाकाचा रंग ओला", "चष्मेवाल्या बाई, रडका वर्ग", "वारा", "परत वारा". यातून ते कुठलाही फोटो काढून देत. फक्त त्या दिवशी वारा होता का, हे मागणाऱ्याला आठवायला हवं.

"लायब्ररीत मी असं लावलं असतं ना," त्यांची बायको म्हणाली होती, "तर कपाटावर लिहिलं असतं, लाल पुस्तक, वाचताना पंखा बंद होता." ती सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं नोंदवही भरते. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला जागा.

दोघांनी मिळून प्रोग्रॅम निवडायचा असं ठरलं, म्हणजे तिसरा आपोआप आला. तिचा धाकटा भाऊ बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. नात्यात कुणाच्याही घरी यंत्र बिघडलं की तो फोनवरून सल्ला देतो आणि यंत्र सुधारलं की श्रेय घेतो.

पहिला प्रोग्रॅम तारखेप्रमाणे फोटो लावणारा. "दाजी, डोळे मिटून घ्या हा," मेहुणा म्हणाला. "फोटोच्या पोटात तारीख असते. तो वाचतो, आणि आपला आपण लावतो."

त्याने वाचलं आणि लावलं. पण दीड यांच्या कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी फार पूर्वी संपली होती आणि कॅमेरा बंद करून चालू केला की तारीख एक जानेवारीवर येत होती. दीड यांना हे माहीत होतं. तारीख बघायला भिंतीवर कॅलेंडर आहे, असं त्यांचं म्हणणं. परिणामी प्रोग्रॅमच्या हिशेबाने ही शाळा सलग अकरा वर्षं एकाच दिवशी भरली होती, दुपारी बारा ते बारा वाजून चाळीसपर्यंत, आणि त्या चाळीस मिनिटांत पंधरा हजार पोरं पाचवीतून दहावीत गेली होती.

दुसरा प्रोग्रॅम फोटो इंटरनेटवर दूर कुठेतरी नेऊन ठेवणारा. मेहुण्याचा हा लाडका. गुरुवारी संध्याकाळी चालू केला, तेव्हा पडद्यावर आलं: शिल्लक वेळ, दोनशे चौदा दिवस. शुक्रवारी सकाळी बघितलं तर दोनशे एकतीस.

"हा पुढे चाललाय की मागे?" दीड यांनी फोनवर विचारलं.

"दाजी, तुमचं नेट हळू आहे, त्याला तो काय करणार?"

"अरे, पण बैलगाडीसुद्धा हळू चालते, घरी परत नाही जात."

वर गेलेल्या सहाशे फोटोंना त्या प्रोग्रॅमने स्वतःहून चिठ्ठ्या लावल्या होत्या. शाळेच्या माजी मुख्याध्यापकांच्या टकलावर ऊन पडलं होतं त्या फोटोला लावलेली चिठ्ठी "फुगा". दीड यांना ती पटली. पण ती शाळेत दाखवता येण्यासारखी नव्हती.

बायकोने दोन्ही प्रोग्रॅमना एकच प्रश्न विचारला होता. "उद्या हा बंद पडला, तर आपण भरलेली नावं कुठे राहतात?"

"कुठे म्हणजे? त्याच्यातच," मेहुणा म्हणाला.

"म्हणजे तो गेला की नावं गेली. हे म्हणजे नोंदवही शिपायाच्या घरी ठेवण्यासारखं झालं. शिपाई रुसला की लायब्ररी बंद."

"ताई, तू एवढा का संशय घेतेस?"

"मी आतापर्यंत तीन वेळा कॉम्प्युटर बदललेले बघितलेत आणि तुला चार वेळा नोकऱ्या बदलताना बघितलंय. म्हणून घेते."

तिसरा तिने स्वतः शोधला. दिसायला राखाडी, बटणं थोडी, पण त्यात भरलेलं नाव फोटोच्या फाईलमध्येच लिहिलं जात होतं. प्रोग्रॅम गेला तरी नाव फोटोबरोबर राहणार. शाळेच्या कॉम्प्युटरवर वर्गवार याद्या होत्याच. त्या एकेका वर्गाच्या फोटोला एकगठ्ठा जोडायचं काम मेहुण्याने तीन तासांत केलं आणि त्याबद्दल तीन दिवस बोलला. नाव लिहा, वर्ग समोर. ग्रंथपालांनी या प्रोग्रॅमवर शिक्कामोर्तब केलं.

त्यात एक जास्तीची सोय होती. तो चेहरे ओळखायचा. एकाच माणसाचे सगळे फोटो एकत्र करायचा आणि विचारायचा, हे कोण. रविवारी दुपारी दीड यांनी सहा डिस्क एकामागून एक जोडल्या आणि त्याला कामाला लावलं. सातवी, "ही खरी", नंतर बघू म्हणून खोक्यात राहिली. सोमवारी पहाटे त्याचं काम संपलं होतं. म्हणून दीड सहा चाळीसला खाली आले होते.

पडद्यावर यादी होती, ज्याचे जास्त फोटो तो वर. दुसऱ्या क्रमांकावर खेळाचे सर, एक्केचाळीस फोटो. रांग सरळ करायला ते दरवर्षी कडेला उभे राहतात आणि दीडच्या घाईमुळे फोटोत येतात. पहिल्या क्रमांकावर एक व्यक्ती होती, तीनशे एकोणनव्वद फोटो.

दीड यांनी ते उघडलं, बघितलं आणि लगेच बंद केलं.

सव्वासातला बायको चहाचे दोन कप घेऊन आतल्या जिन्याने खाली आली. घर स्टुडिओच्या वरच आहे.

"काय म्हणतोय राखाडी?"

"ठीक म्हणतोय. तुला उशीर होईल."

"लायब्ररी दहाला उघडते. सरका जरा. पहिला नंबर कुणाचा?"

"असेल कुणीतरी."

"तीनशे एकोणनव्वद? कोण हा, शाळेत नापास होत राहिला की काय?" तिने कप ठेवला आणि उघडलं.

पडदाभर चेहरे आले, टपाल तिकिटाएवढे. मोठ्या कानांचा एक मुलगा. दोन वेण्यांची मुलगी. पुढचे दात पडलेला एक. ओठावर नुकती लव आलेला दहावीतला एक दांडगा. पुन्हा वेण्या. कपाळापासून वर प्रत्येकाचं आपलं होतं, नाकापासून खाली प्रत्येकाचं आपलं होतं. मधला पट्टा, भुवयांसकट, सगळ्यांचा एकच होता. आणि त्या पट्ट्यातून सगळे जण समोरच्याकडे थोडं रोखून बघत होते.

तिने चेहरे खालपर्यंत सरकवले आणि पुन्हा वर आणले.

"अहो."

"हं."

"ही मुलं माझ्याकडे अशी का बघतायत?"

"कशी?"

"पुस्तक सहा महिने उशिरा आणलेल्या माणसाकडे मी बघते, तशी."

मग तिने पहिलं चित्र मोठं केलं. ते तिचं स्वतःचं होतं. निळा पडदा, हेच स्टूल, एकोणीस वर्षांपूर्वीची ती, खांद्याला पिशवी तशीच. फाईलचं नाव "चाचणी ४".

यानंतर दीड यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. दीडला बटण दाबलं की काही जणांचे डोळे मिटलेले सापडतात. लोक तीनची तयारी करत असतात आणि तयारीची पापणी नेमकी दीडला पडते. वर्गात एखादं पोर, कधी दोन. दुसरा फोटो काढायचा नाही, हे तर तत्त्व. मग डोळे कुठून तरी आणायला हवेत. डिजिटल कॅमेरा घेतला त्या सकाळी ती किल्ली द्यायला आली होती, नुसत्या पडद्याचे चाचणीचे तीन फोटो काढून झाले होते, चौथ्याला तिला स्टुलावर बसवलं. तिला लायब्ररी उघडायची होती, उशीर होत होता, ती चिडलेली होती. चिडलेला माणूस पापणी पाडत नाही. चौथ्या फोटोत डोळे असे आले होते, की त्यांच्यासारखे डोळे पुन्हा मिळाले नाहीत. रंग थोडा हलवला, आकार थोडा ओढला, की कुणालाही बसत.

"मुलग्यांनासुद्धा?"

"मुलग्यांना जास्त चांगले बसतात."

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत माझा धड एक फोटो काढलात, आणि तो तीनशे अठ्ठ्याऐंशी लोकांना वाटलात."

"वाटला नाही. डोळेच दिले फक्त."

"आणि एकाच्याही आईला कळलं नाही?"

"आयांना आवडतं. म्हणतात, फोटोत पोरगं हुशार दिसतं."

तिने चहा संपवला. आठवी ब चा एक जुना फोटो उघडला. त्या वर्षी वारा होता, धूळ उडाली होती, सहा जणांचे डोळे मिटले होते. सहाही जण आता मधल्या रांगेतून अशा चेहऱ्याने बघत होते, की त्यांना ताबडतोब जाऊन एखादी सरकारी इमारत उघडायची आहे. ती हसली नसती, पण त्यातला एक माणूस आता त्यांच्या गल्लीत न्हावी होता आणि तो चिडल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मेहुण्याला फोन लावावाच लागला. ऐकून घेतल्यावर तिकडून आधी नुसताच खोकल्यासारखा आवाज आला.

"दाजी, म्हणजे माझ्या ताईने बावीस वर्षं शाळा केली?"

"एकोणीस," दीड म्हणाले.

"आणि एकदाही हजेरी नाही लागली! बरं, ऐका. त्या पहिल्या माणसाला आधी नाव द्या. मग तो एकेक चेहरा दाखवून विचारेल, हा तोच का. तुम्ही नाही म्हणायचं. नाही म्हणत म्हणत सगळे मोकळे होतील."

दीड यांनी नावाच्या चौकटीत लिहिलं: बायको.

"माझं नाव आहे की," ती म्हणाली.

"एकच तर आहेस. कळतं की."

प्रोग्रॅमला मराठी येत होतं, पाठ्यपुस्तकातलं. त्याने मोठ्या कानांच्या मुलाभोवती पिवळी चौकट काढली आणि विचारलं: "ही व्यक्ती 'बायको' आहे काय?" खाली दोन बटणं. होय. नाही.

दीड यांच्या हाताला हे काम लागेना. दोनदा त्यांनी घाईत चुकीचं बटण दाबलं आणि नववी क मधला एक गोलंदाज त्यांची बायको झाला. तेव्हा तिने माऊस काढून घेतला. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी, सकाळी सात ते नऊ, ती स्टुलावर बसून नाही म्हणत होती. दीड शेजारी उभे राहून नोंद करत होते, कारण तिने वही दिली होती. तिच्या मते अशा गोष्टी नुसत्या पुसून चालत नाही, आधी लिहून ठेवायच्या. वर्ष, वर्ग, रांग, डावीकडून कितवा.

"लग्नात मला एकदाच विचारलं होतं," बुधवारी तीनशेच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली. "तेव्हा नाही म्हणायचं सुचलं नाही. सगळी भरपाई होतेय."

"मूळ फोटो आहेत ना?" तिने नंतर विचारलं. "डोळे मिटलेले?"

"सगळे आहेत. मी काही पुसत नाही."

ते खरं होतं. सात डिस्क त्यामुळेच झाल्या होत्या.

बुधवारी नऊ वाजता यादीत "बायको" या नावापुढे एकच फोटो उरला. तिने टेबलावर चिठ्ठी ठेवली: "१. ही खरी जोडणे. २. चेहरे ओळखणे बंद करणे. ३. नखं कापणे." दीड यांनी गुरुवारी सकाळी पहिलं आणि तिसरं केलं. दुसरं करायला गेले, तेव्हा प्रोग्रॅम सातवी डिस्क वाचत होता आणि चालत्या कामात हात घालू नये असं त्यांना वाटलं.

मुख्याध्यापिकांच्या कार्यालयात टेबल मोठं आहे आणि त्यावर कागद कमी असतात. भिंतीवर वेळापत्रक, घंटेचं बटण, खिडकीतून मैदान. कंपनीचा बारा पानी प्रस्ताव टेबलाच्या कडेशी काटकोनात ठेवलेला होता. ग्रंथपालांनी अर्धी रजा टाकली होती. त्या वही मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. दीड यांनी लॅपटॉप उघडला. तो मेहुण्याने बँकेतून आणून दिला होता आणि सांभाळून वापरण्याबद्दल चौदा सूचना केल्या होत्या.

बाईंनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पहिलं नाव त्यांनी ऑगस्टमध्ये आलेल्या त्या माजी विद्यार्थ्याचं दिलं. नऊ सेकंद. दुसरं नाव त्यांच्याच हाताखाली गणितात तीनदा नापास झालेल्या एका मुलीचं. अकरा सेकंद.

"बरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्याबद्दल जे ऐकायला मिळतं त्यावरून हे बरंच होतं. "आता विद्यार्थी नको. मी रुजू झाले, त्या वर्षीचा शिक्षकांचा फोटो दाखवा."

दीड यांनी वर्ष टाकलं. सात सेकंद. शिक्षकांचे फोटो "ही खरी" मध्ये होते.

फोटो स्वच्छ आला. मागे उभी रांग, पुढे खुर्च्या, कडेला खेळाचे सर. खुर्च्यांच्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या, चौदा वर्षांनी तरुण मुख्याध्यापिका. सगळ्यांनी बघितला. मग त्या चेहऱ्याभोवती सावकाश एक पिवळी चौकट उमटली आणि खाली अक्षरं आली.

"ही व्यक्ती 'बायको' आहे काय?"

मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. दीड यांनी चौकट बंद करण्यासाठी झडप घातली. आयुष्यभराची सवय. ते दीडला पोचले.

"धन्यवाद," पडदा म्हणाला. "'बायको'चे आता दोन फोटो आहेत."

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

दीड अजून बटण शोधत होते. बोलल्या त्या कोपऱ्यातल्या ग्रंथपाल.

"बाई, प्रोग्रॅमचा काही दोष नाही. ते डोळे माझेच आहेत."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. आधी पडद्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"माझे घारे आहेत," त्या म्हणाल्या.

"हो," ग्रंथपाल म्हणाल्या. "यांनी तुमच्या बाबतीत रंगही नाही बदलला. घाईत असतील."

"हा फोटो माझ्या घरी चौदा वर्षं भिंतीवर आहे. सासूबाई म्हणतात, प्रत्यक्षात तू गरीब दिसतेस, फोटोत कशी करारी आलीस." त्यांनी चष्मा पुसला. "नवीन होते तेव्हा वर्गात मुलं ऐकायची नाहीत. मी आरशासमोर उभी राहून असं बघायला शिकले होते. फोटोत जमतंय तर वर्गात का जमत नाही, म्हणून."

"जमलं का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तीन वर्षं लागली."

"मला माझ्या भावामुळे लवकर जमलं."

मग सगळं बाहेर आलं. बाईंनी किती ते विचारलं. ग्रंथपालांनी वही उघडून सांगितलं, तीनशे अठ्ठ्याऐंशी मुलं आणि आपण. बाईंनी वही हातात घेतली, चार पानं उलटली, मधेच एका ओळीवर बोट ठेवलं. "हा? हा तर आता आमच्याकडे क्लार्क आहे." मग त्यांनी स्वतःचा मूळ फोटो बघायला मागितला. दीड यांनी तो उघडला. त्यात बाईंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि तोंड अर्धं उघडं होतं, बहुतेक तीन म्हणायला. बाई तो साधारण पाच सेकंद बघत होत्या.

"हा ठेवा," त्या म्हणाल्या. "पण मागितल्याशिवाय दाखवायचा नाही."

"बाई, शाळा..." दीड म्हणाले. "यंदाचं काम..."

"सांगते. तुम्ही मला खोटे डोळे दिलेत ते मला नंतर बघायचंय. पण या वहीत तुमच्या प्रत्येक खोट्याची जागा लिहिलेली आहे. रांग, डावीकडून कितवा." त्यांनी कंपनीच्या प्रस्तावाकडे बघितलं. "यांच्या बारा पानांत ते स्वतः काय चुकतात याबद्दल एक ओळ नाही."

त्यांनी ड्रॉवर उघडून प्रस्ताव आत ठेवला आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर त्यांनी लिहिलं, आणि दीड यांनी खाली सही केली, त्याचा मजकूर असा. यंदाचे फोटो दीड काढतील. प्रत्येक वर्गाचे किमान चार फोटो काढावेत. मोजणी तीनपर्यंत पूर्ण करावी. दुरुस्त केलेल्या प्रत्येक फोटोला मूळ फोटो जोडावा आणि कॅटलॉगमध्ये "डोळे" असा वेगळा रकाना ठेवून त्यात "स्वतःचे" किंवा "उसने" अशी नोंद करावी.

"चार?" दीड म्हणाले. चार म्हणजे तीन माफ्या.

"चार," दोन्ही बायका म्हणाल्या.

"आणि मोजणी?" बाईंनी विचारलं. "तुम्ही तीन म्हणाल, याची खात्री कोण देणार?"

दीड यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाई कोपऱ्याकडे बघत होत्या.

"माझी लायब्ररी दहाला उघडते," ग्रंथपाल म्हणाल्या.

"फोटो साडेनऊला संपतात."

परतताना फाटकाशी दीड यांनी लॅपटॉपची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"एक विचारू? तू मोजणार म्हणजे मी नक्की कधी दाबायचं?"

"तीन म्हटल्यावर."

"म्हणताना की म्हणून झाल्यावर?"

"अहो."

मेहुण्याचा फोन बारा वाजता आला. त्याला लॅपटॉपबद्दल विचारायचं होतं. ताईने त्याला सगळं सांगितलं. त्याच्या मते दुसरा प्रोग्रॅम घेतला असता तर ही वेळच आली नसती. बाईंचा तो फोटो वर जायला अजून दोनशे चाळीस दिवस लागले असते.

दुपारी दीड यांनी कॅमेऱ्यात घड्याळाची नवी बॅटरी टाकून घेतली. तारीख आणि वेळ बायकोने लावली, ग्रंथालयाच्या घड्याळावरून. यादीतलं दुसरं काम, चेहरे ओळखणे बंद करणे, संध्याकाळी सहाला झालं. "बायको" या नावापुढचे दोन फोटो तसेच राहिले. ते काढायला पुन्हा नाही म्हणावं लागलं असतं, आणि तिला कंटाळा आला होता.

शाळेचं फाटक उद्या सात वाजता उघडतं. पहिला वर्ग पाचवी अ, वेळ साडेसात, हजेरीपटावर बावन्न.